वैद्यकीय प्रवेश : दार उघडले, जिना राहिला

जून महिन्यात ‘नीट’चा निकाल लागतो आणि पुढचे दोन-तीन आठवडे राज्यातल्या हजारो घरांत एकाच प्रश्नावर खल चालतो : मिळेल ती शाखा घ्यायची की ‘ड्रॉप’ घेऊन पुन्हा परीक्षा द्यायची? २०२५ मध्ये देशभरात सुमारे २२ लाख ९ हजार विद्यार्थ्यांनी ही परीक्षा दिली. त्यातले १२ लाख ३६ हजार ‘पात्र’ ठरले. एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास, आणि सरकारी महाविद्यालयांतल्या त्यातल्या साधारण निम्म्याच. म्हणजे पात्र ठरलेल्या दर दहा जणांपैकी नऊ जणांना एमबीबीएसची जागा मिळणार नाही, हे निकालाच्या दिवशीच ठरलेले असते.

पुन्हा तयारीला लागणाऱ्यांत आता नुकती बारावी झालेली मुलेच आहेत असे नाही. बी.एस्सी. पूर्ण केलेली मुलगी, तीन वर्षे वॉर्डात काम केलेली परिचारिका, फार्मसीची पदविका घेऊन दुकानात बसलेला तरुण, इंजिनीअरिंगला गेल्यावर आपली वाट ही नव्हे असे ठरवणारा विद्यार्थी, असे अनेक जण या रांगेत येऊ शकतात. कारण गेल्या काही वर्षांत नियम बदलले आहेत. त्या बदलांची चर्चा झाली ती बहुतेक वयाच्या अंगाने. पण परत येणाऱ्या माणसाला जे विज्ञान नव्याने शिकावे लागते ते कुठे, कसे आणि कोणाकडून शिकायचे, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

नियमांनी काय बदलले

२०१७ मध्ये नीटसाठी कमाल वयाची अट आली होती : खुल्या गटासाठी २५ वर्षे, राखीव गटांसाठी ३०. ही अट न्यायालयात गेली आणि अखेर मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ती काढून टाकली. किती वेळा परीक्षा द्यावी यालाही मर्यादा नाही. मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांना बसू न देणारी जुनी तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच रद्द ठरवली होती. त्यानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने आणखी एक पाऊल टाकले. बारावीला जीवशास्त्र नसले, तरी नंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून ते अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्याला नीट देता येईल, असे जाहीर केले. त्याआधी अकरावी-बारावीची दोन वर्षे प्रात्यक्षिकांसह नियमितपणे हे विषय शिकलेले असणे सक्तीचे होते.

हे बदल योग्यच आहेत. सोळाव्या वर्षी गणित की जीवशास्त्र यातले एक निवडणाऱ्या मुलाला आयुष्यभर त्या निवडीला बांधून ठेवणे बरोबर नाही. घरच्या अडचणीमुळे डीएमएलटी किंवा नर्सिंगला गेलेली मुलगी उत्तम डॉक्टर होऊ शकते, आणि रुग्णाशी कसे बोलावे हे तिला कदाचित आधीपासूनच ठाऊक असते. पण दोन वर्षांच्या नियमित शिक्षणाची अट गेली, तेव्हा त्या दोन वर्षांत जे शिकायचे होते त्याची दुसरी सोय कोणी केली नाही.

सलाइनच्या बाटलीतले रसायनशास्त्र

‘डॉक्टरला भौतिकशास्त्र कशाला लागते?’ हा प्रश्न पालक आणि विद्यार्थी दोघेही विचारतात. कधी कधी डॉक्टरही विचारतात. त्याचे उत्तर कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात सलाइनच्या स्टँडला टांगलेले असते.

साध्या सलाइनवर ‘०.९ टक्के’ असे लिहिलेले असते. म्हणजे एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ. मिठाचे रेणुवस्तुमान ५८.५. नऊला साडेअठ्ठावन्नने भागले की ०.१५४ मोल, म्हणजे लिटरमागे १५४ मिलिमोल सोडियम आणि तितकेच क्लोराइड. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत याच्या निम्मे. ही संहती रक्ताशी जुळणारी असल्याने तांबड्या पेशी फुगत नाहीत आणि आक्रसतही नाहीत. शुद्ध पाणी थेट शिरेतून दिले तर त्या फुटतात. शाळेत ‘परासरण’ नावाच्या धड्यात हेच शिकवलेले असते, बटाट्याच्या फोडी नाहीतर बेदाणे घेऊन.

ओआरएसच्या पाकिटातही तेच गणित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठी त्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. ग्लुकोजचे रेणुवस्तुमान १८०, म्हणून १३.५ ग्रॅम म्हणजे ७५ मिलिमोल. मीठ आणि सायट्रेट यांतले सोडियम एकत्र केले तर तेही ७५ मिलिमोलच्या जवळ येते. हा योगायोग नाही. लहान आतड्याच्या अस्तरातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. छावणीतला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. या उपचाराच्या मुळाशी ग्रॅम, मोल आणि संहती यांची नीट समज होती.

आणखी एक रोजचे उदाहरण. आपल्याकडे इन्सुलिन दोन संहतींत मिळते : मिलिलिटरला ४० युनिट आणि मिलिलिटरला १०० युनिट. दोन्हींसाठी सिरिंज वेगळ्या, त्यांच्या टोपणांचे रंगही वेगळे. १०० युनिटचे औषध चुकून ४० च्या सिरिंजने ओढले, तर सिरिंजवर २० चा आकडा दिसत असताना रुग्णाच्या शरीरात ५० युनिट जातात. अडीच पट मात्रा. रुग्णाची साखर एकदम उतरते, तो बेशुद्ध पडू शकतो. ‘युनिट’ आणि ‘मिलिलिटर’ यांतला फरक ज्याच्या मनात पक्का आहे, त्याचा हात इथे आपोआप थांबतो. नियम पाठ केलेला माणूस रात्रपाळीच्या तिसऱ्या तासाला तो विसरू शकतो.

भौतिकशास्त्राचेही तसेच. नळीतून संथपणे वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. बाकी सगळे तेच ठेवून त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. अपघातात रक्तस्राव होत असलेल्या रुग्णाला जाड आणि आखूड सुई का लावायची, याचे कारण या एका वाक्यात आहे. रक्ताचा पीएच ७.४ वरून ७.१ झाला तर कागदावर फरक ०.३ चा दिसतो, पण हायड्रोजन आयनांची संहती दुप्पट झालेली असते. लॉगॅरिदम कळलेला विद्यार्थी तो आकडा पाहून दचकतो. न कळलेल्याला तो किरकोळ वाटतो.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे विषय असतात. भौतिकशास्त्र आणि मूलभूत रसायनशास्त्र पुन्हा कोणी शिकवत नाही. ते येते असे गृहीत धरूनच शिकवणे सुरू होते. २०१९ पासून सुरुवातीला ‘फाउंडेशन कोर्स’ असतो. त्याचा भर भाषा, संगणक, प्रथमोपचार आणि व्यवसायाची ओळख यांवर आहे. मोल किंवा दाब यांची उजळणी त्यात नाही. शिवाय २०२३ च्या नियमांनुसार पहिले वर्ष उत्तीर्ण होण्यासाठी चारच संधी मिळतात. कच्च्या पायावर आत आलेल्याची खरी परीक्षा तिथे सुरू होते.

परीक्षा काय मोजते

नीट ७२० गुणांची असते : भौतिकशास्त्र १८०, रसायनशास्त्र १८०, जीवशास्त्र ३६०. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराचा एक गुण वजा. २०२५ मध्ये खुल्या गटाची पात्रतेची रेषा १४४ गुणांवर आली, म्हणजे २० टक्के. आदल्या वर्षी ती १६२ होती. विषयवार किमान गुणांची अट नाही. त्यामुळे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचा एकही प्रश्न न सोडवता, केवळ जीवशास्त्राच्या जोरावर पात्र ठरणे गणिताने शक्य आहे. सरकारी महाविद्यालयातील जागेसाठी अर्थातच याच्या कितीतरी पुढे जावे लागते. पण ‘पात्र’ हा शिक्का आणि पैसे दोन्ही असतील तर खासगी महाविद्यालयांची वाट मोकळी होते, हे उघड गुपित आहे.

२०२५ च्या परीक्षेने आणखी एक गोष्ट दाखवली. भौतिकशास्त्राचा भाग लांबलचक आणि अवघड होता, अशी देशभर तक्रार झाली. पर्यायी प्रश्नांची सोय गेली होती, १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे होते. आदल्या वर्षी पहिल्या यादीत ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण होते, सुधारित यादीत १७ जणांना. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्याचे गुण होते ६८६. ओळखीच्या नमुन्याबाहेर प्रश्न गेला की पाठांतराची शिडी किती आखूड पडते, ते इथे दिसले.

अभ्यासक्रमाची छाटणी हा याचाच दुसरा भाग. करोनानंतर एनसीईआरटीने पुस्तकांतला भार कमी केला आणि नीटचा अभ्यासक्रमही २०२४ साठी त्यानुसार बदलला. वगळलेल्या प्रकरणांत अकरावीचे ‘पचन आणि शोषण’ हेही होते. आतड्यातून मीठ, साखर आणि पाणी कसे शोषले जाते, हे डॉक्टर होऊ पाहणाऱ्याने प्रवेशापूर्वी वाचण्याची गरज उरली नाही. एमबीबीएसमध्ये ते तपशिलात शिकवले जाते हे खरे. पण जो प्रश्न येणार नाही तो वाचायचा नाही, ही सवय अशाच छाटणीतून पक्की होते.

भाषा बदलते तिथे पाया तुटतो

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक खास पदर आहे. मराठी माध्यमातला विद्यार्थी दहावीपर्यंत संयुजा, आम्ल, आम्लारी, विसरण, रेणुवस्तुमान असे शब्द शिकतो. अकरावी विज्ञानाला गेल्यावर जवळपास सगळीकडे शिकवणे इंग्रजीत सुरू होते. ‘द्रावण’ एका वहीत राहते आणि ‘सोल्यूशन’ दुसऱ्या वहीत. दोन्ही एकच आहेत हे सांगायला कोणाला वेळ नसतो. मग मुले इंग्रजी व्याख्या पाठ करतात आणि मराठीत समजलेली कल्पना तशीच मागे राहते.

नीट मराठीतूनही देता येते. पण अभ्यासाची पुस्तके, टिपणे आणि सराव प्रश्न बहुतांशी इंग्रजीतच असतात. म्हणून परत येणाऱ्याने उजळणी अकरावीपासून सुरू केली तर ती बऱ्याचदा याच तुटलेल्या जागी येऊन अडते. त्याला खरे तर आणखी मागे, आठवी-नववीच्या विज्ञान आणि गणिताच्या पुस्तकांपर्यंत जायला हवे. गुणोत्तर, शेकडेवारी, दशांश, घातांक, एकके आणि त्यांचे रूपांतर, द्रव्याचे मोजमाप. पंचविशीतल्या माणसाला शाळेची पुस्तके उघडायला संकोच वाटतो. पण तिथे घातलेला एक महिना पुढचे अनेक महिने वाचवतो.

विसरलेले परत येते, पण कसे?

पुन्हा शिकणाऱ्यांच्या मनात एक भीती असते : ‘आता वय झाले, डोक्यात राहणार नाही.’ स्मृतीचा अभ्यास मात्र वेगळे सांगतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकदा पाठ केलेले विसरल्यावर ते पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो, यावरून त्यांनी स्मृती मोजली. आठवत नाही असे वाटणाऱ्या गोष्टीचाही माग मेंदूत उरतो आणि दुसऱ्यांदा शिकणे पहिल्यापेक्षा लवकर होते. अट एवढीच की पहिल्यांदा ते खरोखर शिकलेले असले पाहिजे. जे कधी समजलेच नव्हते, त्याची उजळणी होत नाही. ते पहिल्यापासूनच शिकावे लागते. विषय उघडल्यावर आपण या दोहोंपैकी कुठे आहोत, हे ओळखणे ही पहिली पायरी.

दुसरा धडा २००६ मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगाचा. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, तर दुसऱ्या गटाला वाचल्यावर तो न पाहता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. ‘वाचलेय, येतेय’ ही भावना फसवी असते ती यामुळे. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहिणे, दोन दिवसांनी आणि मग आठवड्याने तेच पुन्हा करून पाहणे, याला क्लासची फी लागत नाही. झोप कापून केलेला अभ्यास टिकत नाही, कारण दिवसा शिकलेले पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो.

म्हणून ‘ड्रॉप’ घेण्यापूर्वी किंवा नोकरी सोडण्यापूर्वी स्वतःची एक साधी चाचणी घ्यावी. सलाइनच्या बाटलीवरचा टक्का वाचून त्यातले सोडियम मिलिमोलमध्ये काढता येते का? पीएचमधला ०.३ चा फरक काय सांगतो, ते घरातल्या दहावीच्या मुलाला मराठीत समजावता येते का? जमत नसेल तर हरकत नाही, पण मग सराव चाचण्यांची मालिका विकत घेण्याची वेळ अजून आलेली नाही. महिनाभर मुळापासून अभ्यास करून तेच प्रश्न पुन्हा सोडवावेत. फरक पडला असेल तर पुढचे वर्ष घालण्यात अर्थ आहे. नोकरी करत अभ्यास करणाऱ्याने एका वर्षाऐवजी दोन वर्षांचा हिशेब धरणे अधिक प्रामाणिक ठरेल.

पूल कोणी बांधायचा?

दुसऱ्या देशांत अशा विद्यार्थ्यांसाठी ठरलेली वाट आहे. अमेरिकेत पदवीनंतर वैद्यकीय शिक्षण सुरू होते आणि ज्यांची पदवी विज्ञानाची नाही, त्यांच्यासाठी अनेक विद्यापीठे प्रयोगशाळेसह मूलभूत विज्ञानाचे पदव्युत्तर पूर्वतयारी वर्ग चालवतात. ब्रिटनमध्ये शाळा सोडून काही वर्षे झालेल्या प्रौढांसाठी उच्च शिक्षणाच्या प्रवेशाची वेगळी पदविका असते आणि काही वैद्यकीय महाविद्यालये ती मान्य करतात. या वाटाही खर्चिक आणि चुरशीच्या आहेत. तरी तिथे शिकवणारी संस्था विद्यापीठ किंवा महाविद्यालय असते.

आपल्याकडे परत येणाऱ्यासमोर उभा असतो तो ‘रिपीटर बॅच’चा फलक. लातूर, नांदेड, पुणे नाहीतर थेट कोटा. क्लास, वसतिगृह आणि मेस मिळून वर्षाचा खर्च लाखाच्या पुढे सहज जातो. या वर्गांतले अनेक शिक्षक उत्तम आहेत. पण त्यांचा वेग नुकत्याच बारावी झालेल्या आणि सूत्रे ताजी असलेल्या मुलांसाठी ठरवलेला असतो. पाच वर्षांनी परतलेली परिचारिका तिथे पहिल्याच पंधरवड्यात मागे पडते, आणि मागे पडण्याचे खापर स्वतःच्या बुद्धीवर फोडते. परीक्षेच्या या ताणाची दखल जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही घ्यावी लागली. नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी देशभर लागू होणारी १५ मार्गदर्शक तत्त्वे दिली. घरात कोणी या ताणाखाली कोलमडत असेल तर ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक जवळ असावा.

महाराष्ट्राला दुसरी वाट काढणे अशक्य नाही. राज्याचे मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ, दोन्ही नाशिकमध्येच आहेत. कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा संध्याकाळी रिकाम्या असतात. या तिघांना जोडून सहा ते नऊ महिन्यांचा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही शब्द सोबत ठेवून शिकवणारा, प्रात्यक्षिकांसह सेतू अभ्यासक्रम उभा करता येईल. सरकारी रुग्णालयांत काम करणाऱ्या परिचारिका आणि तंत्रज्ञांना तो सवलतीत मिळावा.

यावर एक आक्षेप येईल : जागा तेवढ्याच असताना पूल बांधून गर्दीच वाढणार नाही का? थोडी वाढेलही. पण अशा अभ्यासक्रमाचा पहिला उपयोग प्रवेश मिळवून देण्याचा नसून निर्णय लवकर करून देण्याचा आहे. तीन महिन्यांत ज्याला कळेल की ही आपली वाट नाही, त्याची पुढची तीन वर्षे आणि घरच्यांची शिल्लक वाचेल. ज्याला प्रवेश मिळणार नाही, त्याचेही शिक्षण वाया जाणार नाही. सलाइन लावणारी परिचारिका, रक्त तपासणारा तंत्रज्ञ आणि इन्सुलिनची सिरिंज देणारा औषधविक्रेता, या तिघांनाही मोल आणि मिलिलिटर यांतला फरक कळलेला रुग्णाला हवाच असतो.

वयाची अट काढण्यासाठी एक सूचना पुरली. विज्ञान शिकवण्यासाठी वर्ग, प्रयोगशाळा आणि शिक्षक लागतात. ते काम जोवर केवळ बाजारावर सोडलेले आहे, तोवर उघडलेल्या दाराचा फायदा ज्याच्या खिशात एक वर्ष विकत घेण्याचे पैसे आहेत त्यालाच अधिक होणार.